डाव्या हाताला, निळं फाटक

३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मी सात महिने टाळलं. कारणं विचारशील तर पुष्कळ देता येतील. इथल्या दमट हवेत कागद ओल्या फडक्यासारखा होतो, शाई फुटते, टपाल आठवड्यातून दोनदाच जातं तेही लाँचवरून, आणि एकदा तर मुंग्यांनी पाकिटाचा डिंक चाटून साफ केला. सगळी कारणं खरी आहेत, पण त्यांच्यामुळे पत्र अडलं नव्हतं. ‘दादा’ लिहून स्वल्पविराम दिला की पुढे दरवेळी शिवीच यायची. नदीकाठच्या या पाहुणेघरात मालकीणबाईंच्या जेवणाच्या टेबलावर बसून शिवी लिहायची म्हणजे पंचाईत, कारण त्या मागून येऊन वाचतात. नुसत्या वाचत नाहीत, अक्षर सुधारा म्हणतात.

आज त्या केळीचे घड उतरवायला मागच्या बागेत गेल्यात. मी आठ चादरी धुऊन दोरीवर टाकल्यात. पाहुणा एकही नाही, तरी दर सोमवारी आठही चादरी धुवायच्या असा त्यांचा नियम आहे. कुणी आलंच तर, म्हणतात. तर तेवढ्यात बसलोय.

तुझं पुस्तक मिळालं. तू पाठवलं नाहीस, मलाच दिसलं. बंदराच्या गावात वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे, त्याच्या काचेआड उभं करून ठेवलं होतं. वर नदीचं चित्र, खाली तुझं नाव. मी तेव्हा लाकूड वाहणाऱ्या पडावावर काम करायचो, अंगाला डांबराचा वास. दुकानदार म्हणाला, आधी हात पुसा. पुसले. पायरीवर बसून वाचायला लागलो, आणि अठराव्या पानावर मला माझा बेडूक भेटला. मालकीणबाईंच्या ओसरीवर माठामागे राहणारा. दुपारी बारानंतर कधी जागेवर सापडायचा नाही म्हणून मी त्याला हेडक्लार्क म्हणायचो. तू लिहिलंयस, ‘मी त्याचं नाव हेडक्लार्क ठेवलं.’

मग मी पुढचं सगळं वाचून काढलं. माझी झाडं, माझ्या जळवा, माझा तो न बोलणारा सुतार, पावसात फुगलेली दारं, सगळे होते. मी सोडून सगळे.

पान एकशे बारा. ‘या मुक्कामी मला तापानं गाठलं. सतरा दिवस मी मरणाच्या दारात होतो.’ दादा, तू बंदराच्या हॉटेलात चौथ्या मजल्यावर पंख्याखाली होतास, तेही चार दिवस. मरणाच्या दारात मी होतो. वही घेतलीस, ठीक. निदान ताप तरी माझा मला ठेवायचास.

तू विसरला असशील म्हणून सांगतो. पुस्तकाचं काम प्रकाशकानं तुला दिलं होतं. तुला उकाडा सोसेना, पोट बिघडलं, आणि तू म्हणालास, तुला फिरायची खाज आहे ना, तू नदीनं वर जा, बघ, लिहून आण. मी तीन आठवड्यांसाठी गेलो आणि पाच महिने फिरलो, ही माझी चूक, ती मी कबूल करतो. तू मधे घरी जाऊन परत आलास, चिडला असशील. पण मी जे पाहिलं ते लिहीत गेलो. मग ताप आला. वही मी लाँच चालवणाऱ्या सारंगाबरोबर खाली तुझ्याकडे पाठवली आणि पुठ्ठ्याच्या आत टाचणीनं चिठ्ठी लावली. अंगात ताप आहे, उठवत नाही, ये. सारंग म्हणतो, वही तुझ्या हातात दिली. हॉटेलचा दारवान म्हणतो, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू गेलास.

घरी जाऊन तू काय सांगितलंस ते मला आईच्या कार्डावरून कळलं. बरा झाल्यावर मी तुझ्या नावानं घरी लिहिलं होतं, सतरा दिवसांच्या तापाचं; ते तू आईला दाखवलं नसणार, आणि त्याला आलेलं हे उत्तर. अजून खिशात असतं, तीनदा पाण्यात भिजलंय तरी वाचता येतं. ‘दादा तापानं फणफणलेला असताना त्याला टाकून तू भटकायला गेलास. घरी यायचं असेल तर आधी त्याची माफी माग.’

तिनं मला असं कधी लिहिलं नव्हतं. मी घरी गेलो नाही. का जायचं? तुझ्या तापाबद्दल तुझी माफी मागायला?

आता कामाचं. तुझ्या पुस्तकात एक चूक आहे. छापखान्याची नाही, तुझी. जो माणूस या नदीवर एकदा तरी आलाय त्याच्या हातून ती होणारच नाही. म्हणजे ती चूक बघितली की कुणालाही कळेल, लेखक इथे आलेलाच नाही. मी सात महिने ती चूक रोज बघतोय. कुठली ते सांगणार नाही. शोध.

वर्तमानपत्रात जाहिरात वाचली. दुसरी आवृत्ती निघतेय म्हणे, ‘लेखकाने स्वतः पुन्हा तपासलेली’. निघू दे. पहिल्या आवृत्तीतली चूक तू दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारशील. पण स्वतः तपासून पुन्हा तीच छापलीस की मग सुटका नाही. तेव्हा मी प्रकाशकाला लिहीन, वर्तमानपत्रालाही लिहीन. तुझा सत्कार झाला त्या वाचनालयालाही लिहीन, त्या हारतुऱ्याच्या फोटोत तू घातलेल्या अंगठ्या दिसतात.

मालकीणबाईंची चाहूल लागली. त्यांना वाटतंय मी हे पत्र वेगळ्याच कामासाठी लिहितोय. ते पुढच्या वेळी.

तुझा धाकटा भाऊ, म्हणजे निदान आईच्या पोटचा तरी


१५ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पत्र पोचलं असणार, कारण घरचाच पत्ता घातला होता आणि आपल्या पोस्टमनचा मेंदू कसाही असला तरी पाय शाबूत आहेत.

गेल्या वेळी राहिलं ते सांगतो. मालकीणबाईंनी मला तुला पत्र लिहायला सांगितलं होतं, ती गोष्ट जुलैची. मी आलो त्याच आठवड्यातली. तुझ्या पुस्तकातल्या त्या चुकीनं त्यांचं नुकसान चाललंय. तुझं पुस्तक हातात घेऊन माणसं या वळणापर्यंत येतात, याच घराच्या ओढीनं येतात आणि दुसरीकडे जातात. कशी जातात ते तू शोधायचंस. त्यांचं म्हणणं साधं होतं, तुमच्या भावाला एक ओळ लिहा, तेवढं सुधारून घ्या. मी म्हटलं, लिहितो. आठवड्यानं त्यांनी विचारलं, लिहिलंत का? मी म्हटलं, लिहिलं. उत्तर आलं का? मी म्हटलं, टपालाचं काय सांगावं. तेव्हापासून लाँचचा भोंगा झाला की त्या पदराला हात पुसत धक्क्यावर येतात आणि माझ्याकडे बघतात, आणि मी टपालाला शिव्या घालतो. बिचारं टपाल.

त्यांच्याबद्दल तू काय लिहिलंयस ते मी त्यांना वाचून दाखवलं. ‘या मायाळू विधवेनं मला पोटच्या पोरासारखं जपलं.’ त्या वाटाणे सोलत होत्या. हात थांबला.

“विधवा? गेला का तो?” म्हणाल्या. “मग कळवायचं तरी कुणीतरी.”

नवरा बंदराच्या गावात दुसरा संसार थाटून चांगला धडधाकट आहे. कुठल्याही घरात बाई एकटी दिसली की तू तिला विधवा करून टाकतोस. माझ्या वहीत फक्त ‘घरात त्या एकट्याच’ एवढं होतं.

आणि मायाळू? दादा, मी तापात असताना त्या माझ्याशी भांडायच्या. खरंच. डोळे मिटायला लागले की उशाशी बसून म्हणायच्या, तुमच्या गावाकडचे लोक आळशी असतात असं ऐकलंय, खरं का? मी चिडून उत्तर द्यायचो. मग म्हणायच्या, तुमची आई स्वयंपाकात कच्ची असणार, पोर असं काटकुळं. मी पुन्हा उठून भांडायचो. सतरा दिवस त्यांनी मला असं भांडवत ठेवलं. दर तासाला चादर ओली करून अंगावर टाकायच्या. बरा झाल्यावर म्हणाल्या, आता तुमच्या आईची माफी मागते, मनात नव्हतं. मला आईची आठवण येऊन रडू आलं तर म्हणाल्या, चला, अंगात पाणी आहे अजून, ताप गेला.

हे तुझ्या पुस्तकात नाही. वहीतही नव्हतं, कारण वही तोवर तुझ्याकडे होती.

इथून वर चार वळणांवर एक शिंपी आहे. माप घेत नाही, नुसतं बघतो आणि कापतो. त्याची नजर थोडी वरून पडते बहुतेक, कारण त्या सबंध गावाच्या विजारी घोट्याच्या वर आहेत. शाळामास्तरसुद्धा. कुणी तक्रार करत नाही, सगळ्यांच्याच तशा. मी एक शिवून घेतली, तीच घालून बसलोय. हे कशाला सांगत होतो? हां. तुझ्या पुस्तकात हा शिंपी आहे, आणि तू लिहिलंयस की त्यानं तुझी विजार ‘बेतशीर’ शिवली. बंदरातल्या हॉटेलात बसून विजार बेतशीरच होणार.

आता वाईट बातमी. लाँचच्या कंपनीनं धक्क्याच्या खांबावर कागद डकवलाय. या वळणावर लाँचचे दोन थांबे आहेत, एक मालकीणबाईंचा आणि एक एका लाकूड-ठेकेदाराचा. दोन परवडत नाहीत, एकच ठेवणार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तपासनीस लाँचवर बसून येईल आणि कुठे किती माणसं उतरतात ते बघेल. जिथे कमी, तो थांबा बंद.

इथे रस्ता नाही. मीठ, रॉकेल, टपाल, पाहुणे, डॉक्टर, सगळं लाँचनं येतं. थांबा गेला की चार खोल्या, आठ चादरी आणि मालकीणबाई तशाच राहतील, झाडं वाढतील, एवढंच. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग मला विचारलं, “तुमच्या भावाला पुन्हा एकदा लिहाल का, पाहुणे?” सात महिने झाले तरी मी पाहुणेच आहे.

मी म्हटलं, लिहितो.

हे ते पत्र. यात मी तुला ती चूक सांगायला हवी होती. बसताना ठरवलं होतं सांगायची. पण मग पान एकशे बारा पुन्हा उघडलं. ‘मरणाच्या दारात’ वाचलं आणि हात आखडला. तुला ती ओळ सुधारायला मिळाली की तू सुटलास. तुझी दुसरी आवृत्ती स्वच्छ होईल, मग मी कितीही बोंबललो तरी लोक म्हणतील, धाकटा जळतो. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे जी तुझ्याकडे नाही. ती मी देत नाही.

मालकीणबाईंचं मी बघून घेईन. कसं ते माहीत नाही.

धाकटा


७ मार्च, सकाळ

दादा,

आज मोजणीचा शेवटचा दिवस. हे पत्र मी आधीच्या दोन पत्रांसारखं चवीनं लिहीत नाहीये. मालकीणबाई धक्क्यावर आहेत, फळ्या घासतायत. पाचव्यांदा. माझ्याशी बोलत नाहीत.

काल असं झालं. तपासनीस सहा दिवस येतोय. बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर वही, लाँचच्या कठड्याला टेकून बसतो. सहा दिवसांत आमच्या धक्क्यावर मिठाचं पोतं उतरलं, एक शिक्षिका उतरली ती चुलतबहिणीकडे चालत निघून गेली, आणि स्वतः तपासनीस पाणी प्यायला उतरला. स्वतःला त्यानं मोजलं नाही. दुसऱ्या थांब्यावर रोज तीन-चार. काल तर सहा जण, सगळ्यांच्या काखेत तुझं पुस्तक.

लाँच गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, तुमच्या भावाचं उत्तर नाहीच का? मी तोंड उघडलं टपालाला शिवी द्यायला. पण त्यांच्या हाताला फळीची कुसळं लागली होती, आणि त्या ती दातानं काढत उभ्या होत्या. मला शिवी देता आली नाही. मी सांगितलं. पत्रं लिहिली, दोन लिहिली, पण त्यात चूक कुठली ते लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं.

त्यांना वाटलं मी मस्करी करतोय. मग कळलं.

“का?” म्हणाल्या.

मी सांगत गेलो. वही, चिठ्ठी, सकाळची गाडी, आईचं कार्ड, दुसरी आवृत्ती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही ओरडल्या नाहीत, ते फार वाईट होतं.

“म्हणजे भावानं तुमचं नेलं,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही ते माझ्याकडून वसूल करताय.”

मी म्हटलं, तसं नाही.

“कसं नाही? रोज माझ्या शेजारी उभं राहून बघितलंत की. माणसं तिकडे उतरताना. मला वाटायचं, पाहुण्यांनाही वाईट वाटतंय.”

मग आत गेल्या. जेवायला वाढलं, ताट झाकून ठेवलं, पण भांडल्या नाहीत. त्यांनी माझ्याशी भांडावं म्हणून मी वरणात मीठ जास्त झालं म्हटलं. नुसतं मान हलवून पाणी ओतलं त्यात.

तर आता ऐक. चूक सांगतो.

इथले नावाडी डावा काठ, उजवा काठ म्हणतात ते नेहमी समुद्राकडे तोंड करून. लाकूड, केळी, नारळ, सगळा माल खाली जातो, काम सगळं खालच्या दिशेचं, म्हणून तोंड खाली. नाव वर चाललेली असली तरी त्यांचा डावा काठ तो डावाच. म्हणजे लाँचमधून वर जाणाऱ्या प्रवाशाच्या तो उजव्या हाताला येतो. एक दिवस नदीवर काढला की हे अंगवळणी पडतं. मीही वहीत त्यांच्यासारखंच लिहिलं, ‘वळणावर डावा काठ, निळं फाटक.’ एवढंच.

तू ते सजवलंस. पान एकशे चार. ‘लाँच वर जाताना वळणावर डाव्या हाताला एक निळं फाटक दिसतं, आणि प्रवाशाचा निम्मा शीण तिथेच उतरतो.’ तू हात घातलास त्यात, दादा. काठाचा हात केलास. आपण स्वतः लाँचच्या टोकाला उभे आहोत असं दाखवायला. त्या एका हातामुळे तुझे वाचक उलट्या काठाला उतरतात.

त्या बाजूला लाकूड-ठेकेदाराची करवत गिरणी आहे. गुडघाभर चिखल, भुशाचा धूर, जळवा. आधी लोक उतरायचे, फाटक शोधायचे, शिव्या द्यायचे. ठेकेदारानं एकाच्या हातातलं पुस्तक उघडून बघितलं आणि आठ दिवसांत गिरणीचं फाटक निळं रंगवलं. पत्र्याच्या चार खोल्या टाकल्या. ओसरीवर माठ ठेवला. बेडूक तेवढा टिकत नाही, पळून जातो. मालकीणबाईंनी सारंगाला किती वेळा सांगितलं, की उतारूंना सांग, घर पलीकडे आहे. तो म्हणतो, सांगतो की, पण लोक पुस्तकावर बोट ठेवून दाखवतात. छापलेल्यापुढे माझ्या तोंडाला कोण विचारतो?

अजून एक आहे, ते मालकीणबाईंनाही सांगितलेलं नाही. सुरुवातीला मी छोटी नाव घेऊन पलीकडे जायचो. उतरलेल्या माणसांना म्हणायचो, चला, खरं फाटक तिकडे आहे. दोघे-तिघे आलेही. एक म्हातारं जोडपं चार दिवस राहिलं, मालकीणबाई त्यांच्याशी पत्ते खेळल्या. मग दुसऱ्या आवृत्तीची जाहिरात आली, आणि मी नाव बांधून ठेवली. त्यांना म्हटलं, तळाशी भेग पडलीय. भेग नव्हती. जेवढी जास्त माणसं चुकतील तेवढं बरं, असा माझा हिशेब. प्रत्येक चुकलेला माणूस मला साक्षीदार वाटायचा. एकदा एक बाई लहान मुलीला खांद्यावर घेऊन त्या चिखलातून चालली होती. मी इकडे ओसरीवर बसून तुझ्या नावानं खूश होत होतो.

हे वाचून तुला बरं वाटेल. वाटू दे. पण तू आणि मी सारखे झालो असं समजू नकोस. मी निदान इथे आलो होतो.

तर सुधारणा अशी. पान एकशे चारवर ‘डाव्या हाताला’ काढून ‘उजव्या हाताला’ कर. पान एकशे नऊ, एकशे सव्वीस, एकशे एकतीस, नकाशातला बाण, सगळीकडे उलट. ‘विधवा’ काढ. आणि करवत गिरणीचं फाटकही निळं आहे, त्याला भुलू नये, असं स्पष्ट घाल. हे मी तुझ्यासाठी करत नाहीये. दुसरी आवृत्ती छापायला गेली नसेल तर ताबडतोब कर. गेली असेल तर प्रत्येक प्रतीत चिकटवायची पट्टी छाप.

मालकीणबाईंसाठी हे पत्र तुला. आणि माझ्यासाठी दुसरं पत्र प्रकाशकाला. ते इथेच टेबलावर पडलंय, पाकीट बंद केलेलं. त्यात चूक कशी झाली आणि ती कुणाच्या हातून होऊ शकत नाही, ते लिहिलंय. सारंगाची सही आहे, हॉटेलच्या दारवानाचा अंगठा आहे. तुझी चूक सुधारून दिली म्हणून मी तुला सोडला असं नाही. फक्त आता मला ते मालकीणबाईंच्या धक्क्यावर उभं राहून करायचं नाही. दोन्ही पाकिटं संध्याकाळी लाँच खाली जाताना देणार, असं सकाळपासून म्हणतोय. एक नक्की जाईल. दुसऱ्याकडे बघत बसलोय.

भोंगा झाला. लाँच आली. थांब.


त्याच दिवशी, अर्ध्या तासानं

दादा, उभ्यानंच लिहितोय, अक्षर लागलं तर वाच.

लाँच वळणावर आली तेव्हा आम्ही दोघं धक्क्यावर होतो. मालकीणबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलेलं, मी शिंप्याची विजार. वर एकच उतारू दिसत होता. तपासनीस वही उघडून बसलेला. सारंगानं आमच्याकडे बघून वेग कमी केला, मला वाटलं आमच्याकडे वळतोय. पण त्या उतारूनं हात लांब करून पलीकडे दाखवलं. दुसऱ्या हातात पुस्तक. सारंग काहीतरी म्हणाला, उतारूनं पुस्तकावर बोट ठेवलं. लाँच पलीकडे गेली.

कुणी बाई होती. एक ट्रंक, एक पिशवी, छत्री. फळीवरून उतरताना एक पाय चिखलात रुतला, चप्पल अडकली. ती वाकून चप्पल ओढत होती, ठेकेदार निळ्या फाटकातून धावत आला, ट्रंक घ्यायला. तिनं ट्रंक दिली नाही. उभी राहिली, पुस्तक हात लांब करून धरलं, मान मागे नेली, आणि फाटकाकडे बघून पुन्हा पुस्तकाकडे बघितलं.

चष्मा घरी विसरली की अशी वाचणारी मी जगात एकच बाई बघितलीय.

तपासनिसानं वहीत खूण केली, ती मला इथून दिसली. मग वही मिटली. या आठवड्याचा शेवटचा उतारू, समोरचा काठ.

का आली मला माहीत नाही. माझी पत्रं तिनं फोडली, की तू वाचून दाखवलीस, की तुझ्या टेबलावर सापडली? तापाचं तिला कळलंय का? कळलं असेल तर ती माझ्यासाठी आली. नसेल तर मला तुझी माफी मागायला लावायला आली. पण दोन्ही पत्रांत मी एकच गोष्ट लिहिली नव्हती, घर कुठल्या काठाला ते, आणि त्या एका गोष्टीनं ती आता गुडघाभर चिखलात उभी आहे आणि ठेकेदाराला माझं वर्णन सांगतेय. हातानं उंची दाखवतेय. तो मान हलवतोय, असा कुणी इथे नाही म्हणून. त्याला मी चांगला माहीत आहे.

मालकीणबाईंनी विचारलं, “ओळखीच्या आहेत का?”

मी म्हटलं, “आई.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या खाली उतरल्या, छोट्या नावेचा दोर सोडला. तळ बघितला, हात फिरवून बघितला. भेग नाही ते त्यांना आत्ता कळलं असणार. आता बसून करवंटीनं साचलेलं पाणी उपसतायत आणि म्हणतायत, येताय की मी एकटी जाऊ.

आईनं आत्ता इकडे बघितलं. छत्री वर केलीय.